राहिलेला अध्याय

घाटनांदूर, १२ जून २०२५

...मी दुकानापुढं सडा टाकला, गॅसवर चहा ठेवला आणि उंबऱ्यात बसून तूर निवडायला घेतली. आत तुझे अप्पा पोथीचा सराव करत होते. संध्याकाळी मठात जे वाचायचं ते सकाळी शटर वर करायच्या आधी घरी एकदा वाचून घ्यायचं, ही त्यांची रीत तुला ठाऊकच आहे. मध्येच थांबून म्हणाले, "उमा, चहात साखर टाकली का न्हाई?" मी म्हटलं, "टाकलीय. ढवळायची राहिली. बोट घाला." हसले आणि पुन्हा ओवीला लागले. मी तूर पाखडली, खडे अंगणात फेकले, डब्याला झाकण लावलं.

तू तेव्हा अकरावीला अंबाजोगाईत होतास, त्यामुळं ती सकाळ तुला माहीत असायचं कारण नाही. तिच्यात काही घडलंही नाही. पण आजकाल मला तीच आठवते.

मृत्युंजय, तू फोन उचलत नाहीस. उचललास तर "मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. पत्र तू कधीही उघडू शकतोस म्हणून पत्र लिहिते. चाकणच्या खोलीचा पत्ता तुझ्या मित्राच्या आईकडून घेतला.

काम एकच आहे. दीड महिन्यात श्रावण लागेल. अप्पांनी वाचायला घेतलेल्या पोथीचा शेवटचा अध्याय अजून तसाच राहिलाय. आदल्या संध्याकाळी त्याच्या अलीकडचा वाचून ते घरी आले, आणि सकाळी दुकानात साखरेच्या पोत्याला टेकून बसले ते बसलेच. त्याला आता दोन वर्षं होतील. आपल्या मठाची रीत अशी, की पोथी ज्याच्या घरी अर्धी राहिली त्याच्या घरच्यानंच ती पुरी करायची, मग मठ ती परत घेतो. तोवर नवी पोथी बसत नाही. गेल्या श्रावणात मठात स्पीकरवर रेकॉर्ड लावून पाहिलं. म्हातारी माणसं उठून गेली. वाचणारा चुकला की ऐकणाऱ्यांनी "मागं घ्या" म्हणायचं आणि त्यानं ती ओवी पहिल्यापासून वाचायची, याच्यावर त्यांचा जन्म गेला. रेकॉर्डला मागं घ्या कोण म्हणणार?

अप्पांना माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी तू निघालास. लोक म्हणत होते, लेकानं अध्याय पुरा करून जावं. तू पिशवी उचललीस आणि म्हणालास, "ही पोथी घरात आहे तोवर मला बोलावू नकोस." मीही चारचौघांत तुला बोलले. तू ते धरून बसलायस हे मला कळतं.

पण तूच विचार कर. पोथी घरातून जायची तर ती कुणीतरी वाचली पाहिजे. आणि घरचा म्हणजे तूच. महाराजही तेच म्हणतात. एक संध्याकाळ ये, अध्याय वाच. पोथी मठात जाईल, आणि तुला स्वतःच्या घरी यायची वाट मोकळी होईल.

माझी तब्येत बरी आहे. दुकान चालू आहे.

तुझी आई


घाटनांदूर, ३ जुलै

पहिलं पत्र मिळालं का ते कळलं नाही. पोस्टमनला विचारलं तर म्हणाला, "गेलं आसंल की. कुठं जातंय?"

काल कडूआत्या आल्या होत्या. त्यांना आता डोळ्यांनी दिसत नाही. काठीनं शटर वाजवतात म्हणजे आल्याचं कळतं. मठात त्यांची जागा खांबाजवळची, तुला आठवत असेल. अक्षर ओळखत नाहीत, पण अख्खी पोथी कानात आहे.

"उमे, हायस का?"

"आहे आत्या. बसा."

"बसायला न्हाई आले. खोबरं दे पावशेर. अन् पोथीचं काय केलंस ते सांग."

"मृत्युंजयला पत्र टाकलंय."

"मागल्या साली बी टाकते म्हणलीस."

"या साली टाकलं. येईल तो."

"पोथी हाय का लोणचं हाय गं ते? मुरवत ठेवलीस."

धुळाजी गुळाच्या ढेपेपाशी उभा होता. मठात माईक लावतो तोच धुळाजी. तो हसला. "आत्या, लोणचं बी एवढं टिकत न्हाई."

"तू गप रे. तू मठात येतोस परसादापुरता." मग माझ्या दिशेला तोंड करून म्हणाल्या, "तुला वाचता येतंय की. पेपर वाचतीस. लायब्ररीतून विटेएवढाली पुस्तकं आणतीस. मग कावून थांबलीस?"

मी खोबरं तोलत होते. म्हटलं, "आत्या, काटा हलतोय, जरा बोलू नका." काटा इलेक्ट्रॉनिक आहे, बोलण्यानं हलत नाही. ते त्यांना माहीत नसावं. धुळाजीला माहीत होतं.

सहज घडलं ते लिहिलं. त्यांचं वय झालं, बोलतात काहीही. पेपर वाचणं वेगळं आणि पोथी वेगळी. पोथीला चाल असते. एकदा बसलं की अध्याय संपेपर्यंत उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही. अप्पांचा आवाज गावाच्या कानात अजून आहे. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, पुढचं सगळं वाचन दुकानातल्या रद्दीवर. पुडी बांधायला कागद घ्यायचा आणि बांधायच्या आधी त्यावरचं वाचायचं. अर्धी बातमी डाळीबरोबर गिऱ्हाइकाकडं जायची आणि उरलेली मी मनानं पुरी करायची. ओठ न हलवता वाचायला मी मुद्दाम शिकले, कारण ओठ हलले की तुझी आजी विचारायची, "काय पुटपुटतीस गं, मला शिव्या देतीस का?" तर माझं सगळं वाचन मुकं आहे. मला असलं मोठ्यानं वाचता येत नाही.

शिवाय चष्म्याचा नंबर बदललाय. अंबाजोगाईला जायला हवं. दुकान बंद ठेवून जाणं होत नाही.

तू कधी येतोस ते कळव. सोमवारच बघ, श्रावणातला.

आई


घाटनांदूर, २२ जुलै

तुझा मेसेज मिळाला. "पत्रं मिळाली. मला वाचता येणार नाही. का ते तुला माहीत आहे."

माहीत आहे. तू सातवीत होतास. अप्पांनी तुला मोठ्या हौसेनं आसनावर बसवलं. तू छान वाचत होतास, मी बायकांच्या बाजूला बसून ऐकत होते. सुटी पानं, एक वाचून झालं की उलटून डाव्या हाताला ठेवायचं. तुझ्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली. वाक्य या पानावर सुरू झालं आणि भलतीकडंच जाऊन पडलं. कडूआत्या म्हणाल्या, "मागं घ्या." तू मागं घेतलंस आणि तेच वाचलंस. पुन्हा "मागं घ्या." तुझ्यापुढं जे पान होतं तेच तू वाचणार. लोक हसायला लागले, आणि अप्पांनी पुढं येऊन पोथी तुझ्या मांडीवरून उचलली. त्यानंतर तू मठात गेला नाहीस. वर्गातही मोठ्यानं वाचायचं आलं की तुझं पोट दुखायचं.

तुला न सांगितलेली एक गोष्ट सांगते. दुसऱ्या दिवशी अप्पांनी दुकान दुपारपर्यंत बंद ठेवलं आणि सगळी पोथी पुढं घेऊन बसले. ओल्या विभूतीचे हात लागून लागून पानं कडेला चिकटली होती. त्यांनी माझी गोधडीची सुई घेतली आणि एकेक पान सोडवलं. मी जेवायला बोलावलं तर म्हणाले, "पोरगं चुकलं न्हाई गं. पानं चिकटलेली ठेवली मी. पोथी सांभाळायची माझी होती." मी म्हटलं, त्याला सांगा की. म्हणाले, "सांगतो." ते सांगायचं राहिलं. रोज उद्यावर गेलं. तुझे अप्पा गावापुढं तासन्‌तास वाचायचे, पण हे एक वाक्य तुझ्यापुढं बोलताना आपण कमी पडू असं त्यांना वाटत होतं, असं मला आता वाटतं.

आणि आता माझं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की महाराजही तूच वाचावंस असं म्हणतात. ते तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "घरचं कुणीही चालतं. उमाबाई, तुम्हीच वाचा की. तुम्ही वाचता हे सगळ्या गावाला माहीत हाय." हे त्यांनी अप्पा गेले त्याच वर्षी सांगितलं. मी म्हटलं, मृत्युंजय येणार आहे. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, मी पुन्हा म्हटलं, मृत्युंजय येणार आहे. तू येणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तुझं नाव घेत होते. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर तो आलाच असता.

चष्मा मी मे महिन्यातच करून आणला. डबीत आहे.

तुला वाटेल आईनं प्रयत्न तरी केला असेल. केला. सोमवार आला की अंघोळ करून लिंगपूजा आटोपते, पोथी काढते, वरचं फडकं सोडते, शेवटचा अध्याय पुढं घेते. डोळ्यांनी सगळा वाचून होतो, एकही अक्षर अडत नाही. मग म्हणते, आता आवाज काढायचा. तेव्हा आठवतं की डाळीला कीड लागलीय, ती उन्हात घालायला हवी. कधी घसा बसल्यासारखा वाटतो. कधी वाटतं, चाल आधी नीट बसवावी, मग आवाज. कधी नुसतं वाटतं की आजचा सोमवार बरा नाही. फडकं पुन्हा बांधते. बांधलं की इतकं सुटल्यासारखं वाटतं, आणि तेवढ्याच सुटल्यासारख्या वाटण्यावर आठवडा निघतो. रविवारपासून पुन्हा छातीवर दगड.

एकदा फक्त आवाज काढला. पहिली ओवी अर्धी झाली असेल. तो आवाज माझा नव्हता, दुसऱ्याच कुण्या बाईचा, चिरका. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "काकू, साखर." मी इतकी खुश झाले साखरेला की काय सांगू. किलोऐवजी सव्वा किलो दिली.

घराबाहेर पडायचं म्हणजे दुकानातूनच पडावं लागतं. आणि दुकानात पाऊल ठेवलं की कुणीतरी विचारतंच. म्हणून मी बाहेर जाणं कमी केलं. लायब्ररीची पुस्तकं परत करायची राहिलीत. लग्नकार्याला जात नाही. गाव मला काही वाईट बोलत नाही, मृत्युंजय. नुसतं विचारतं. मला तेही सोसत नाही.

हे सगळं लिहिलं तरी शेवटी तेच लिहिते. तू ये. तू तरणा आहेस, शिकलेला आहेस. तुला एक संध्याकाळ जड जाणार नाही.

आई


घाटनांदूर, ४ ऑगस्ट

तू येतोस म्हणून लिहिलंस. रविवारी येतो, सोमवारी वाचतो, मंगळवारी निघतो, नंतर मला पुन्हा काही सांगू नकोस. बरं. नाही सांगणार.

आज मठात जाऊन कळवून आले. महाराज म्हणाले, "आनंद झाला." कडूआत्या म्हणाल्या, "मोठा झाला आसंल आता. आवाज फुटला का त्याचा?" म्हटलं, "आत्या, एकतीस वर्षांचा आहे तो." धुळाजी नवीन माईक आणणार आहे. प्रसादाला शिरा करायचा ठरलाय.

दिवसभर मला हलकं वाटलं. खूप दिवसांनी डाळ निवडताना गुणगुणले. संध्याकाळी बघते तर तो शेवटचा अध्यायच गुणगुणत होते, चालीसकट. मग माझी मलाच चीड आली. कसली ते मलाही सांगता येत नाही.

असो. तू ये. तुझ्यासाठी शेंगाची पोळी करते.

आई


घाटनांदूर, १३ ऑगस्ट

तू पुण्याला नीट पोचलास हे मेसेजवरून कळलं. तरी हे लिहिते, कारण त्या दिवशी फोनवर आपण दोघंही जास्त गप्पच होतो.

रविवारी मी पोळ्या करून ठेवल्या, तुझी गादी उन्हात घातली. दुपारी फोन वाजला.

"आई, अंबाजोगाईच्या स्टँडवर आहे."

"मग ये की. गाडी लागली असेल."

"लागतायत. सुटतायत. सकाळपासून इथंच बसलोय."

"कावून रे?"

"मला चढता येईना."

तुझ्या मागं कंडक्टर परळी, परळी म्हणून ओरडत होता आणि मला तुझा श्वास ऐकू येत होता. लहानपणी पोटदुखीचं सांगून अंथरुणात पडायचास तेव्हाचा. माझ्या ओठांवर आलं होतं, एवढा इथवर आलास तर आता काय अडलं. ते बाहेर पडलं असतं तर तू आलाही असतास, मला माहीत आहे. आला असतास आणि त्या आसनावर बसला असतास, आणि नंतर कधीच आला नसतास.

मी म्हटलं, "जेवलास का?"

"नाही."

"समोर खानावळ आहे, जेव. मग पुण्याच्या गाडीत बस."

"तू चिडली नाहीस?"

"कोणत्या तोंडानं चिडू? दोन वर्षं झाली, मीही तुझ्यासारखीच बसलेय. माझ्या इथं स्टँड नाही एवढंच."

तू हसलास का रडलास ते कळलं नाही. म्हणालास, "उद्याचं काय?" मी म्हटलं, उद्याचं बघते. बघते म्हणजे काय ते मलाही माहीत नव्हतं.

फोन ठेवून मी आतल्या खोलीत जाऊन बसले. डोक्यात पहिली गोष्ट काय आली सांगू? की तुला ताप आलाय असं कळवता येईल. सगळं बसवून झालं होतं. किती ताप, कधीपासून, डॉक्टर काय म्हणाले. इतकं पटकन, इतकं नीट सुचलं की माझी मलाच भीती वाटली. पोथी वाचायला अशी अक्कल चालली असती तर.

तासाभरानं धुळाजी आला. दारातूनच म्हणाला, "काकू, आला का पाव्हणा? माईकची उंची बघायची होती."

"नाही आला."

तो उभाच राहिला. बिचारा चांगला आहे. माझ्या तोंडाकडं बघून हळूच म्हणाला, "अडचण आली आसंल. मग महाराजांना सांगू का, पुढल्या सोमवारी म्हणून?"

मला फक्त मान हलवायची होती. एवढं सोपं करून दिलं त्यानं. मान हलवली असती की लगेच तो दगड उतरला असता, रात्री झोप लागली असती, आणि पुढल्या सोमवारी त्याच्याही पुढला सोमवार होता. पुढल्या वर्षी पुढला श्रावण होता. तुझी गादी मी दर वर्षी उन्हात घालून पुन्हा गुंडाळून ठेवली असती.

मी म्हटलं, "थांब. महाराजांना सांग, उमाबाई वाचणार आहे."

"तुमी?"

"हो. आणि वाईट वाचणार आहे, तेही सांग. आधीच सांग सगळ्यांना."

"वाईट म्हंजी कसं, काकू?"

"अडखळत. आवाज चिरका आहे. चाल मध्येच सुटेल."

त्यानं थोडा विचार केला. "मग तर लई गर्दी व्हईल. मागं घ्या म्हणायला कुणाला आवडत न्हाई?"

"येऊ दे," मी म्हटलं. "आणि माईक नको आणू."

"माईक न्हाई तर मागल्यांना चुका कशा ऐकू येतील?" म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर भीती गेली असं काही झालं नाही, उलट वाढली. आतून वाटत होतं, धावत जावं आणि त्याला गाठून सांगावं, राहू दे रे. चपला घालून दुकानापर्यंत आलेही. मग तिथंच अप्पांच्या जागेवर बसले, गिऱ्हाईक आलं त्याला पोहे दिले, आणि शटर ओढलं. चांगलं वाचायचं हे मी मनातून काढून टाकलं होतं. नुसतं संपवायचं होतं. एवढं माझ्याच्यानं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी दुकान उघडलं नाही. संध्याकाळी पोथी घेऊन मठात गेले आणि वाचणाऱ्याच्या जागेवर बसले. कडूआत्यांनी पुन्हा पुन्हा मागं घ्यायला लावलं, मी घेतलं. दिवे लागल्यावर अध्याय संपला. पोथी महाराजांच्या हातात दिली, घरी येऊन भाकरी केली आणि उपास सोडला.

आई